वाफेतला हापूस

लंडनला असणाऱ्या माझ्या भाच्यानं सिगारेट सोडली आणि ई-सिगारेट धरली. सोडली हे उत्तमच झालं. पण आता त्याला वाफेत हापूस हवा!

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं माझी शिकवणीच घेतली. "मामा, जाळीची कॉइल घ्यायची. सगळीकडे सारखी तापते, चव खुलते. आतल्या कापसात रस मुरायला दहा मिनिटं द्यायची. कॉइलवर लिहिलेल्या वॅटच्या खालच्या टोकापासून हळूहळू चढायचं. घाई केली की कापूस जळतो."

अहो, पुरणसुद्धा इतक्या निगुतीनं कुणी शिजवत नाही!

आपल्याकडे २०१९ पासून ही वस्तू विकणंच गुन्हा आहे. तिकडे ती सिगारेट सोडायची काठी म्हणून चालते. ठीक आहे. पण लंगडणारा माणूस काठीला चांदीची मूठ बसवू लागला, की समजावं, स्वारी काठी काही टाकत नाही. हापूसला निकोटिन लागत नाही. निकोटिनलाच गळी उतरायला हापूस लागतो.

म्हटलं, "बाबा रे, सिगारेटकडे परत फिरू नकोस. पण वॅट पुरे. बाटलीवरचा निकोटिनचा आकडा उतरव. शून्यावर आलास की मे महिन्यात घरी ये. खरा हापूस कापून देतो. त्याला कॉइल लागत नाही."