खेळगाडीची शिदोरी

वेताळ टेकडीवरील जुन्या खाणीपाशीं, काळ्या कातळावर, आमचा नातू रेडिओच्या हुकमतीनें चालणारी गाडी चढवितो. बॅटरी अर्ध्या तासांत संपे, म्हणून मोठी बॅटरी आणा असा त्याचा हट्ट. आम्हीं त्रैराशिक मांडलें : २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअर प्रवाहानें ३३ मिनिटें पुरते, २ अँपिअरनें ६६. मग गाडीचा भार कां वाढवावा? चाक फटींत अडकलें तरी स्वारी खटका दाबून धरी. मोटर अडून राहिली असतां प्रवाह सर्वांत अधिक वाहतो, आणि तो सारा उष्णतेंत जातो. आतां तो गाडी मागें घेऊन दुसरी वाट शोधतो. मोटरही ३५ ऐवजीं ५५ वेढ्यांची घातली. वेग घटला, पण कातळावर वेग हवा कोणाला?

एक बॅटरी मात्र आमच्या लोभानें गेली. गाडी मंदावली असतां "आणखी एक चढ होऊं दे" म्हणणारे आम्हीच! लिथियमचा घट ३ व्होल्टांखालीं उतरला कीं नासतो. बॅटरी पुरीसारखी फुगली. आतां दर घटास ३.३ व्होल्ट उरले कीं खेळ बंद, आणि ठेवणीस ३.८. फुगलेली बॅटरी अंगणांत वाळूच्या डब्यांत आहे. तिला पुन्हां विजेस लावूं नये, हें नातवानेंच आम्हांस बजावलें.