तेवीस वर्षांनंतरचे महावीरचक्र

७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे भारतीय हवाई दलाची मिस्टिअर विमाने आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ल्यासाठी निघाली. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या राखीव वैमानिक होते. ऐनवेळी एक जागा रिकामी झाली आणि तेही निघाले. बाकीची विमाने परतली. देवय्या परतले नाहीत. त्यांचे काय झाले, हे सोबत्यांपैकी कुणीच पाहिले नव्हते. ‘बेपत्ता’ एवढीच नोंद झाली.

१९७९ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे या युद्धावरील पुस्तक आले आणि पाकिस्तानी बाजूची हकिकत उजेडात आली. पाठलाग करणाऱ्या, कितीतरी वेगवान अशा स्टारफायटरशी एका मिस्टिअरने झुंज घेऊन ते पाडले होते. त्याचा वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून बचावला. ते मिस्टिअर देवय्यांचेच होते!

त्यांच्या स्क्वाड्रनचे तेव्हाचे प्रमुख ओ. पी. तनेजा यांनी मग पाठपुरावा केला. १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

शौर्याची साक्ष शत्रूच्या गोटातून आली. पण ती मानाच्या पदकापर्यंत नेली ती जुन्या सोबत्यांनीच. गेलेल्या मित्राला याहून मोठी मानवंदना कोणती?