परका जंतू खलनायकच कशाला?

विज्ञानकथा लिहायला बसलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोच तो परग्रहवासी येतो. हिरवा रंग, मोठं डोकं, तबकडीतून उतरणारा. त्याला आता सुट्टी द्यायला हरकत नाही. विश्वात दुसरीकडे कुठे जीव असलाच, तर तो सूक्ष्म असण्याची शक्यता जास्त. आपल्या पृथ्वीवरसुद्धा बहुतेक काळ सूक्ष्मजीवांचंच राज्य होतं. खरं, हा न दिसणारा पाहुणा कथेत आला की लिहिणारा त्याला लगेच खलनायक करून टाकतो. माझा आक्षेप आहे तो ह्याला.

ह्या प्रकारातली सगळ्यात गाजलेली कादंबरी म्हणजे मायकेल क्रायटनची १९६९ सालची ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’. वातावरणाच्या वरच्या थरातले जंतू गोळा करायला पाठवलेला उपग्रह एका छोट्या गावाजवळ पडतो आणि गाव मरतं. वाचतात फक्त दोघं, एक आजारी म्हातारा आणि एक रडणारं तान्हं बाळ. ते दोघंच का वाचले, हे शोधणं म्हणजेच कादंबरी. त्या जंतूचा कुणावर राग नाही, त्याला पृथ्वी जिंकायची नाही. तो फक्त जगतोय. आणि गंमत म्हणजे, जंतू बाहेर पडू नये म्हणून प्रयोगशाळेखाली जो अणुबॉम्ब ठेवलेला असतो, तो फुटला असता तर त्या ऊर्जेवर जंतू आणखीच फोफावला असता. म्हणजे जंतूपेक्षा आपल्या भीतीनं केलेला बंदोबस्तच जास्त घातक! शेवटी जंतू आपला आपणच बदलतो आणि निरुपद्रवी होतो. माणूस जिंकत नाही, फक्त शहाणा होतो.

आता ह्या कथेचं खरं भावंड बघा, तेही आपल्या देशातलं. २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडला गेला. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. ह्या प्रयोगामागे जे शास्त्रज्ञ होते, त्यांत जयंत नारळीकर होते. निपाणीच्या पलीकडं, कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले आणि मराठी विज्ञानकथेला मान मिळवून देणारे नारळीकर. नमुने हैदराबाद आणि पुणे अशा दोन ठिकाणच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले. १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती मिळाल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती अगदी नव्या होत्या आणि अतिनील किरणांना त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त दाद न देणाऱ्या. एकीला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं.

अवकाशातून जीव येतात, ही कल्पना हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी वर्षानुवर्षं मांडलेली. नारळीकरांनाही ती तपासून बघण्यासारखी वाटत होती. म्हणजे ‘परग्रहावरचे जीव सापडले’ म्हणून ढोल वाजवायला संधी होती. पण २००९ साली निकाल जाहीर करताना इस्रोनं स्पष्ट सांगितलं, की ह्यावरून हे जीव बाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही. मला ही ओळ कुठल्याही कथेच्या शेवटापेक्षा भारी वाटते. हवं असलेलं उत्तर समोर दिसत असताना हात आवरायला जिगर लागते.

तुम्ही म्हणाल, साध्या कथेचं एवढं काय घेऊन बसलायस? सांगतो. आमच्या मच्छ्याकडं, ह्या सगळ्या सीमाभागात, ‘बाहेरचा’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. कोण इथला, कोण बाहेरचा, ह्या प्रश्नावर पिढ्या गेल्या. २०२० मध्ये गावोगावी वेशीवर काटेरी झुडपं टाकून रस्ते अडवलेले आपण बघितलेत. जंतूची भीती बघता बघता माणसाची भीती झाली. अमका त्या गावाहून आलाय, तमक्याच्या घरी पाहुणा आलाय. परका जंतू म्हणजे सैतान अशी कथा आपण शंभरदा सांगितली, तर परका माणूसही तसाच दिसायला लागतो. आणि काळजी घेणं वेगळं, द्वेष वेगळा. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या वीरांनाही खबरदारी म्हणून वेगळं ठेवलंच होतं. त्यांना कुणी शत्रू म्हटलं नाही.

काहींना वाटतं, असल्या कथा श्रद्धेला धक्का देतात. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख, जेझुइट धर्मगुरू होसे फ्युनेस यांनी २००८ मध्येच सांगितलंय, की परग्रहावर जीव असू शकतात असं मानणं श्रद्धेच्या विरोधात नाही. देवाच्या निर्मितीला आपण कशाला कुंपण घालायचं?

म्हणून आपल्या मंडळातल्या लिहित्या मित्रमैत्रिणींना माझं एवढंच म्हणणं आहे. पुढच्या कथेत सूक्ष्म परका जीव जरूर आणा. पण त्याला दात आणि कपट देऊ नका. तो काय खातो, कशात मरतो, कशात वाढतो ते ठरवा. मग त्याला बघून माणसं कशी वागतात, ते लिहा. कोण दार लावून घेतो, कोण अफवा पसरवतो, कोण रात्रभर जागून नमुना पुन्हा तपासतो. आणि शेवटी ‘अजून कळलं नाही’ असं लिहावं लागलं, तरी बिनधास्त लिहा. कथा त्यानं कमजोर होत नाही.