सुजाताने रक्त का द्यावे?



यंदाच्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन झाले की एक चित्रपट दाखवावा, असे मंडळाने ठरविले. जयंतीला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहणारी आमची पिढी. आता घरातला प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालून वेगळे काहीतरी पाहतो, आणि पाहिले त्यावर बोलायला कोणी नसते. म्हणून भिंतीला पांढरी चादर लावली, जुने-नवे चित्रपट निवडले आणि प्रत्येक चित्रपटानंतर एकच प्रश्न विचारायचा असे ठरविले : यात आपल्या माणसाचे शेवटी काय होते?

सुरुवात 'अछूत कन्या'पासून केली. १९३६ सालचा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट. देविकाराणी ही रेल्वेच्या फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी, अशोककुमार हा ब्राह्मणाचा मुलगा. दोघांचे प्रेम आहे, पण लग्न होत नाही. शेवटी फाटकावर मारामारी चालली असताना समोरून गाडी येते आणि ती थांबविण्यासाठी ही मुलगी रुळावर धावते व मरते. मागे तिचे स्मारक उरते. बल्लारशाह स्टेशनात आयुष्य घालविलेले एक निवृत्त गँगमन आमच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "गाडी थांबवाले लाल झेंडी असते, पोरगी कायले पाहिजे?" सगळे हसले. पण त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण ऐकण्याआधीच सभा रद्द केली आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले, हे आम्ही सांगितले तेव्हा हसणे थांबले. जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पडद्यावर मात्र त्या वर्षी आपल्या मुलीला रुळावर जावे लागले.

त्यानंतर 'सुजाता'. बिमल रॉय यांचा १९५९ चा हा चित्रपट अनेक उपासिकांनी पूर्वी पाहिलेला होता, त्यामुळे विहार गच्च भरला. नूतनचे काम असे आहे की आजही डोळे भरून येतात, याबद्दल दुमत नाही. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्याची पोर इंजिनिअरच्या घरी वाढते. घरचे तिला वाईट वागवीत नाहीत. पण पाहुण्यांसमोर ओळख करून देताना ती 'मुलगी' नसते, 'मुलीसारखी' असते. या एका 'सारखी'त बिमलदांनी सारे सांगून टाकले आहे. आमच्यापैकी ज्यांनी ऑफिसात पंचवीस-तीस वर्षे नोकरी केली, त्यांना हे 'सारखी' कानाला ओळखीचे आहे. तुम्ही तर आमच्यासारखेच आहात हो, असे म्हणणारे कितीतरी भेटतात!

शेवटी घरची मालकीण जिन्यावरून पडते. रक्त हवे असते. जिच्यावर ती रागावलेली असते त्या सुजाताचेच रक्त जुळते. रक्त दिले जाते, मालकिणीचे मन पालटते आणि सुजाताचे लग्न ठरते. विहारात बायका डोळे पुसत होत्या आणि तेवढ्यात मागून एक ऐंशीच्या घरातल्या आजी ठणकावून बोलल्या, "पोरीनं रगत कायले देल्लं वं? आधी पोरगी म्हन म्हनावं, मंग रगत घे!"

मायबहिणींनो, आम्ही बी.कॉम. शिकलो, पण हा हिशेब आजींनी आमच्याआधी मांडला. रक्ताला जात नसते हे दाखविणे चांगलेच, त्या काळात तर धाडसाचेच. पण सवर्णांच्या मनाची जागृती व्हावी म्हणून बिल दरवेळी आपल्याच नावावर का फाडायचे? बरे, रक्त जुळलेच नसते तर? तर सुजाता माणूस ठरली नसती काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. निराश झालेली सुजाता जीव द्यायला नदीकाठी जाते तेव्हा तिला तिथे गांधीजींचा पुतळा दिसतो. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चांद्याला लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर नवा मार्ग धरला, त्याला तेव्हा काही वर्षे होऊन गेली होती. चित्रपटाला त्याचा पत्ताच नाही. सुजाताला ना वस्ती, ना समाज, ना कोणी पुढारी. ती एकटी आहे, म्हणूनच तिच्यावर दया करणे सोपे जाते.

गंमत अशी की याच चित्रपटात 'चंडालिका'चे नाटक दाखविले आहे. भन्ते आनंद चांडाळ कन्येच्या हातचे पाणी मागतात, ती ही कथा. मूळ बौद्ध कथेत ती मुलगी पुढे भगवंतांकडे जाते आणि भिक्खुणी होते. तिला कोणासाठी रक्त द्यावे लागत नाही, कोणाची सून व्हावे लागत नाही. 'सुजाता' हे नावही सिद्धार्थाला खीर देणाऱ्या स्त्रीचे. म्हणजे नाव आपले, कथा आपली, फक्त शेवट दुसऱ्यांचा!

पुढच्या रविवारी 'फँड्री' लावला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ ला आला. नगर जिल्ह्यातल्या गावात घडणारी कैकाडी समाजाच्या जब्याची गोष्ट. बापासोबत डुकरे धरायची आणि वर्गातल्या शालूने ते पाहू नये म्हणून लपत फिरायचे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि हाताशी आलेले डुक्कर सोडून सारे कुटुंब ताठ उभे राहते. मग मेलेले डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा. कोणी भाषण करीत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ पाहणाऱ्यांच्या अंगावर येतो. आमच्या विहारातली पोरे टाळ्या वाजवीत होती. 'सुजाता'च्या वेळी रडणे होते, इथे टाळ्या.

परंतु चित्रपट लागून तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ एप्रिल २०१४ ला त्याच नगर जिल्ह्यात खर्डा येथे नितीन आगे या १७ वर्षांच्या आपल्या मुलाचा खून झाला. कारण काय, तर सवर्ण मुलीशी बोलणे. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी सुटले. टाळ्या वाजविणाऱ्या पोरांना हे आम्ही मुद्दाम सांगितले.

'सैराट' (२०१६) बहुतेकांनी थिएटरातच पाहिला होता, तरी पुन्हा लावला. इथेही शेवटी दोघे मारले जातात, मग 'अछूत कन्या'त आणि यात फरक काय, असे एका कॉलेजकुमारीने विचारले. आमच्या मते फरक आहे. आर्ची-परश्याच्या मरणाने कोणाचे हृदयपरिवर्तन होत नाही, कोणी स्मारक बांधीत नाही. रक्तात भरलेल्या पायांनी लेकरू बाहेर जाते एवढेच. पाहणाऱ्याला रडून मोकळे होता येत नाही.

त्या रात्रीची खरी चर्चा चित्रपट संपल्यावर झाली. एक भगिनी म्हणाल्या, हा पिक्चर आला तेव्हा पोरीचे चंद्रपूरला कॉलेजात जाणे बंद करायची वेळ आणली होती घरच्यांनी. बसमध्ये कोण भेटेल, काय होईल, ही भीती. भीती खोटी नाही, खर्डा वर सांगितलेच आहे. पण भीतीने पोरीचे शिक्षण थांबवायचे म्हणजे पाटलाने न मागताच त्याचे काम आपण करून देणे होय. आणि स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल. आपल्या घरात लग्नाची बोलणी निघाली की बावणे का लाडवन, हे हळूच विचारणारी वडील मंडळी अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर आणि सोयरीक पोटजात पाहून! त्या भगिनीची मुलगी पुढे पदवीधर झाली. ती शेजारीच बसली होती, काही बोलली नाही.

'झुंड' (२०२२) मुलांनी डोक्यावर घेतला. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावर बेतलेला, बोली आपली, पोरे आपली, जयंतीची मिरवणूक आपली. अमिताभ बच्चनच्या मागे बाबासाहेबांचा फोटो पाहून शिट्या पडल्या. तारणहार पुन्हा बाहेरून येतो ही आमची तक्रार आहेच. पण पासपोर्टसाठी कागद गोळा करीत हिंडणारी आदिवासी मुलगी आणि तिचा बाप पाहून राजुरा-गडचिरोलीकडची माणसे गप्प झाली. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या किती चकरा लागतात ते त्यांना विचारा. मुख्य म्हणजे यातला पोरगा मरत नाही, विमानात बसतो.

'जय भीम' (२०२१) हा तमिळ चित्रपट आमच्या गावातल्या तेलुगू कुटुंबांनी आधीच तेलुगूत पाहिला होता, आम्ही हिंदीत पाहिला. नवऱ्याचा पोलीस कोठडीत खून झालेली ती गर्भार बाई तडजोडीचे पैसे नाकारते. आणि शेवटी तिची मुलगी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर वाचायला बसते. आजी यावेळी काही म्हणाल्या नाहीत, नुसती मान हलवली.

'कोर्ट' (२०१४) लावला तेव्हा निम्मी मंडळी मध्येच उठून गेली. चित्रपट संथ आहे हे खरे. तरी त्यातला शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे आपल्या विदर्भाचे, 'विद्रोही'चे संपादक, चळवळीत हाडे झिजविलेला माणूस. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. त्यांच्यासाठी तरी बसायला हवे होते.

आता आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले' (१९५४) दाखवायचा आहे, ज्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. आमच्याकडची प्रत फार अंधूक आहे, आवाजही फाटतो. कोणा वाचकाकडे चांगली प्रत असल्यास या पत्राच्या पत्त्यावर जरूर कळवावे.