घरबसल्या पदवी? बाई घरात बसते कधी?

नोकरी करणाऱ्यांसाठी ‘घरबसल्या पदवी’ अशी ऑनलाइन शिक्षणाची जाहिरात असते. मैत्रिणींनो, कामावरून येऊन चुलीशी उभी राहणारी बाई घरात बसते कधी?

1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं जाहीर केलं. चांगलंच झालं. पण गंगेच्या काठावर पहारा बसलाय, त्याचं काय?

2024 पासून प्रवेशाआधी डीईबी आयडी हवा. त्यासाठी एबीसी आयडी, त्यासाठी डिजिलॉकर, त्यासाठी आधार, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. तो मोबाइल बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात! बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नाव बदलायला लावलं समाजाने; पुरावे घेऊन हिंडायचं मात्र तिने.

कशीबशी आत शिरली, तर 2020 च्या नियमांप्रमाणे 70 टक्के गुण सत्राअखेरच्या परीक्षेला. रात्री जागून केलेल्या स्वाध्यायांना फार तर 30. ऐन परीक्षेला मूल तापलं, पाळी बदलून मिळाली नाही, की सत्र बुडालं. घरचे म्हणायला मोकळे, ‘जमत नव्हतं तर कशाला शिकायचं?’

बनावट पदव्या रोखायला तपासणी हवीच. पण ओळख समोरासमोर पटवायची सोय करा. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं मान्य करा. चुकलेली परीक्षा महिन्याभरात पुन्हा घ्या.

आम्ही सवलत मागत नाही. नियम करताना आमचा दिवस कसा जातो तेवढं बघा!