खणाचा कोपरा

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला गेलेला माणूस राजवाडा पाहतो, जंबू सवारी पाहतो आणि परतण्यापूर्वी सयाजीराव रस्त्यावर एक फेरी मारतोच. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव मिरवणाऱ्या या रस्त्यावरूनच हत्तींची मिरवणूक बन्नीमंटपाकडे जाते आणि याच रस्त्यावर कर्नाटक सरकारचे ‘कावेरी’ हे हस्तकलांचे विक्रीकेंद्र आहे. तिथे शिसवी लाकडाच्या पेट्या मांडलेल्या असतात. काळसर तांबूस लाकडात पिवळ्या, पांढऱ्या, तपकिरी लाकडांचे तुकडे बसवून हत्ती, मोर, झाडे, बैलगाड्या चितारलेल्या. लाकडाच्या या जडावकामाला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

गिऱ्हाईक झाकणावरचा हत्ती पाहते, बोट फिरवून पाहते, किंमत विचारते. पेटीला छोटासा खण असेल तर तो बाहेर ओढून त्याचा कोपरा पाहणारे मात्र शंभरात एखादेच. पेटी दहा वर्षे टिकणार की नातवंडांपर्यंत पोचणार, हे हत्तीवर नाही, त्या कोपऱ्यावर ठरते.

पारव्याची शेपटी

दोन फळ्या काटकोनात जोडायच्या असल्या, तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे सरस लावून खिळे ठोकणे. पण फळीच्या तोंडात, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा संपतात तिथे, खिळा नीट धरत नाही. खण दिवसातून चार वेळा ओढला जातो. प्रत्येक ओढ दर्शनी फळीला बाजूच्या फळ्यांपासून वेगळे करू पाहते. एक दिवस मूठ आणि दर्शनी फळी हातात येते आणि खण आतच राहतो. हा अनुभव नसलेले घर विरळाच.

यावर सुतारांनी फार जुना तोडगा काढलेला आहे. बाजूच्या फळीच्या टोकाला पसरत गेलेल्या ‘शेपट्या’ कापायच्या आणि दर्शनी फळीत त्यांना बरोबर बसतील असे ‘दाते’ ठेवायचे. शेपटी टोकाला रुंद आणि मुळाशी अरुंद, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखी. म्हणूनच इंग्रजीतून आलेले ‘डव्हटेल’ हे नाव आपल्याकडच्या कारखान्यांतही रुळले. खण ओढला की शेपटी दात्यांत अधिकच अडकते. खिळा नसला तरी चालते. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी सामानातही हा सांधा सापडला आहे.

त्याचा दुसरा गुण पावसाळ्यात कळतो. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. दमट हवेत ते फुगते ते रुंदीत. या सांध्यात दोन्ही फळ्यांच्या रेषा आपापल्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे कोपऱ्यापाशी दोघी एकाच दिशेने फुगतात आणि एकाच दिशेने आकसतात. एकमेकींशी भांडत नाहीत. मग सांधा उकलायचा कसा?

हाताचे काम

हाताने हा सांधा करायचा तर आधी फळी रंध्याने सरळ करायची. मग शेपट्यांचा उतार आखायचा. मऊ लाकडाला साधारण सहास एक, शिसवीसारख्या कठीण लाकडाला आठास एक. उतार फार दिला तर शेपटीचे कोपरे तुटतात, कमी दिला तर पकड राहत नाही. बारीक दातांच्या करवतीने रेघेच्या टाकाऊ बाजूला कापायचे, पटाशीने मधला भाग अर्धा एका बाजूने, अर्धा दुसऱ्या बाजूने काढायचा. मग शेपट्या दुसऱ्या फळीच्या तोंडावर ठेवून त्यांच्यावरूनच दाते आखायचे. एका खणाला असे चार कोपरे. मुरलेल्या कारागिराचाही त्यात बराच वेळ जातो, आणि शिकाऊ मुलाची कित्येक महिने फळ्या फुकट घालवण्यात जातात.

म्हैसूरच्या कारागिरांना ‘खाच आणि तुकडा’ हे नाते नवे नाही. जुना राजवाडा १८९७ मध्ये जळाला. त्यानंतर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार उभा राहून १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या आजच्या राजवाड्यात, अंबाविलास दालनाच्या शिसवी दारावर हस्तिदंताचे जडावकाम आहे. ते आजही पाहता येते. पुढे १९८६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. पांढऱ्या तुकड्यासाठी कारागीर फिक्या रंगाच्या लाकडाकडे आणि प्लॅस्टिककडे वळले. माल बदलला, पण नियम तोच राहिला: खाच तुकड्याएवढीच हवी, केसभरही मोठी नको.

यंत्र आले

आता गावोगावच्या सुतारकामाच्या कारखान्यांत राऊटर दिसतो. हे हातात धरायचे विजेचे यंत्र आहे. त्याच्या तोंडाला धारदार ‘बिट’ बसवलेले असते आणि ते मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेते. हेच यंत्र एका मजबूत टेबलाखाली उलटे टांगले आणि बिट वर काढले, की झाले राऊटर टेबल. आता यंत्र जागेवर राहते आणि फळी फिरवावी लागते.

फळीला वाट दाखवते ती जिग, म्हणजे जाड पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची फणीसारखी साचेपट्टी. तिच्या पाठीला लाकडाचा ठोकळा असतो. फळी उभी करून ठोकळ्याला क्लॅम्पने घट्ट आवळायची, तोंड साचेपट्टीवर टेकवायचे आणि सगळे मिळून टेबलावरून सरकवायचे. बिटाच्या दांड्यावर एक छोटे बेअरिंग असते. ते फणीच्या दात्यांना घासत जाते, आणि बिट वरच्या फळीत तोच आकार कापते. पसरट तोंडाच्या बिटाने शेपट्या निघतात. मग साचेपट्टीची दुसरी, तिरप्या दात्यांची बाजू घ्यायची, सरळ बिट लावायचे आणि त्याने दाते कापायचे. एकदा जुळवले की चार कोपरे थोड्या मिनिटांत तयार, आणि चारही सारखे.

इथेच बापलेकांचा वाद सुरू होतो. ज्या ज्या कारखान्यात असे टेबल येते, तिथे तो थोड्याफार फरकाने ऐकू येतो. मुलगा म्हणतो, “अप्पा, तुम्ही दिवसभरात करता तेवढे मी जेवणाआधी करतो. आता पटाशी कशाला घासायची?” वडील उत्तर देत नाहीत. मुलाने केलेला पहिला खण हातात घेतात, कोपरा दाबतात, आणि सांधा कुरकुरतो. शेपटी सैल आहे. जिगने चूक केलेली नाही. तिला जी चूक शिकवली, तीच तिने चारही कोपऱ्यांत इमानाने करून दाखवली आहे.

जिगला काय कळत नाही

हाताने काम करणारा प्रत्येक शेपटीशी स्वतंत्र बोलतो. एक बिघडली तर पुढची सुधारतो. यंत्रावर सगळी बुद्धी कापण्याच्या आधी खर्च करावी लागते. ती कुठे खर्च करायची, हे यंत्राबरोबर आलेल्या कागदापेक्षा जुन्या कारागिराला चांगले माहीत असते.

पहिली गोष्ट फळीची. दोन्ही फळ्या सपाट आणि तोंडे काटकोनात नसतील, तर साचा कितीही नेमका असो, सांधा पिळवटतो. म्हणजे रंधा आणि गुण्या सुटत नाहीत.

दुसरी खुणांची. आतली बाजू कोणती, वरची कडा कोणती, कोणता कोपरा कोणाशी जुळतो, हे पेन्सिलीने लिहून ठेवायचे: एकाला एक, दोनाला दोन. जिगवर सर्वांत जास्त फळ्या फुकट जातात त्या उलट्या लावल्यामुळे.

तिसरी खोलीची. बिट टेबलाच्या वर किती काढायचे, ते समोरच्या फळीच्या जाडीवरून ठरते. जाडीपेक्षा केसभर जास्त कापले तर नंतर रंध्याचा एक हात मारून कोपरा एकसारखा करता येतो. कमी कापले तर भर घालता येत नाही. आणि शेपटीचे बिट टप्प्याटप्प्याने खोल नेता येत नाही. त्याचा आकारच असा, की पूर्ण खोली एकाच वेळी कापावी लागते. म्हणून कठीण लाकडात आधी सरळ बिटाने मधला बराचसा भाग काढून टाकतात.

चौथी घट्टपणाची. दाते जाड की बारीक, हे साचेपट्टी ठोकळ्यावर थोडी पुढे-मागे सरकवून जुळवायचे. खरी परीक्षा हाताची. दोन्ही फळ्या नुसत्या दाबाने अर्ध्यापर्यंत बसाव्यात आणि उरलेले अंतर लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी जावे. त्याहून घट्ट असेल तर फळी चिरते, सैल असेल तर सगळा भार सरसावर येतो.

हे सारे तपासायचे ते स्वस्त लाकडाच्या, पण त्याच जाडीच्या तुकड्यांवर. शेजारच्या कोडगूमध्ये कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक असतो, त्याचे तुकडे यासाठी छान. शिसवीवर प्रयोग परवडत नाहीत. हे झाड आता धोक्यात आलेल्या जातींत गणले जाते आणि २०१७ पासून त्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. वाया गेलेली फळी म्हणजे नुसता पैसा नव्हे, एका जुन्या झाडाचा तुकडा असतो.

बोटे दहाच असतात

यंत्राची एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. पटाशी लागली तर जखम भरून येते; वीस हजार फेऱ्यांचे बिट दुसरी संधी देत नाही. फळी बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनेच सरकवायची, नाहीतर यंत्र ती हातातून हिसकावून घेते. दोन्ही हात ठोकळ्यावर ठेवायचे, फळीच्या तोंडाजवळ कधीच नाही. बिट फिरत असताना जिग वर उचलायची नाही: सांधा तर फाटतोच, फळीही उडते. कापताना मागून लाकडाच्या चिंध्या निघू नयेत म्हणून फळीमागे एक टाकाऊ फळी लावायची. बिट बदलताना प्लग भिंतीतून काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. सैल बाह्या आणि गळ्यातला पंचा खुंटीला टांगून यायचे. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि नाकाला फडके हवेच. शिसवीची भुकटी अनेकांच्या कातडीला खाज आणते आणि श्वासालाही बरी नाही.

हे शिकवायला वेळ लागतो म्हणून मुलाला थेट टेबलापाशी उभे करणारा मालक त्याचे भले करत नाही.

घरच्यांनी काय पाहावे

नवे कपाट किंवा टेबल घेताना खण पूर्ण बाहेर ओढून पाहावा. दर्शनी फळीच्या मागे, बाजूच्या फळीवर शेपट्यांची नक्षी दिसली तर समजावे की कोपऱ्यावर कोणीतरी कष्ट घेतले आहेत. शेपट्या तंतोतंत एकसारख्या असतील तर बहुधा जिगच्या, थोड्या लहानमोठ्या असतील तर बहुधा हाताच्या. दोन्ही चांगल्या असू शकतात. फटी भुशाने आणि सरसाने बुजवलेल्या असतील तर मात्र दोन्ही वाईट. बाजूने नुसत्या खिळ्यांची डोकी दिसली तर किंमत त्याप्रमाणे करावी. आणि घरी सुतार लावून काम करून घेत असाल तर एवढेच विचारावे, “कोपरा कसा जोडणार?” या प्रश्नाने सुताराचा चेहरा खुलला, तर काम चांगल्या हातांत आहे. मग अशा कोपऱ्याचे चार पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नये.

तो बापलेकांचा वाद जिथे सुटतो, तिथे बहुधा असाच सुटतो. जिग मुलाच्या हातात राहते, पण पहिला तुकडा वडिलांच्या हातात जातो. ते कोपरा दाबून पाहतात, साचेपट्टी किंचित सरकवायला सांगतात, पुन्हा दाबतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांधा कुरकुरत नाही. मग कोणी काही बोलत नाही. मुलगा शिसवीची फळी घेतो आणि यंत्र सुरू करतो.