घोडा द्वाड की दुखावलेला?

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार होतो. लग्नसराईत वरातीच्या घोड्यांनाही मागणी असते. अशा दिवसांत घोडा उधळल्याच्या, लाथ बसल्याच्या गोष्टी कानी येतात. ‘घोडाच द्वाड होता’ असे म्हटले की विषय संपतो. खरे तर विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

घोडा मुळात भित्रा. भीती वाटली की तो पळतो. पळता आले नाही तर लाथ मारतो वा चावतो. खोगिराखालची जखम, चुकीचा ठोकलेला नालेचा खिळा, दातांच्या धारदार कडा यांचे दुखणे त्याला बोलून सांगता येत नाही. म्हणून शांत घोडा एकाएकी बिथरू लागला तर चाबूक उचलण्याआधी पशुवैद्याला बोलवावे. काटेरी लगाम तर वापरूच नये. केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनी त्याला मनाई आहे.

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण थट्टेची असली तरी शास्त्राला धरून आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे अगदी पाठीमागचे आणि कपाळासमोरचे त्याला दिसत नाही. जवळ जाताना आवाज देत, डाव्या खांद्याच्या बाजूने जावे. कान मागे चिकटले, शेपूट सारखी झटकली जाऊ लागली किंवा मागचा पाय उचलला, की बाजूला व्हावे. दोर हाताला गुंडाळू नये. घोड्याने हिसडा दिला तर बोटे जातात, माणूस फरपटत जातो. अनवाणी पायांनी घोडा हाताळू नये. बुजऱ्या घोड्यावर बसताना हेल्मेट घालण्यात कसली आली लाज?

एवढे करूनही इजा झालीच तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पोटावर लाथ बसल्यास बाहेर साधा वळ दिसतो, पण आत यकृत किंवा प्लीहा फाटून रक्तस्राव होत असू शकतो. पोट चोळू नये, शेकू नये, रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नये. त्याला सरळ रुग्णालयात न्यावे. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा क्षणभर बेशुद्धी आली तरीही तेच. घोडा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. घोड्याच्या लिदेत व तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून धनुर्वाताची लस आणि रेबीजची लस यांबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

आता थोडे यजमानांविषयी. कानठळ्या बसवणारा डीजे, पायाशी फटाके, डोळ्यांवर झगमगाट आणि नवरदेवापुढे बसवलेले चिमुरडे पोर! त्यातून घोडा बुजला तर द्वाड कोण? लगाम धरणारा मोतद्दार पोटासाठी आलेला असतो. वाद्ये थांबवा म्हणण्याची त्याची हिंमत होत नाही. ते यजमानांनीच सांगितले पाहिजे. वरातीत घोडा हवाच असेल तर त्याच्यापासून फटाके आणि भोंगे दूर ठेवावेत, आणि लहान मुलाला त्यावर बसवू नये.

घोडा विकणाऱ्यानेही त्याची खोड गिऱ्हाइकापासून लपवू नये. ती लपवून मिळालेल्या चार पैशांची किंमत कुणाला तरी हातपाय मोडून, प्रसंगी जीव देऊन मोजावी लागते.